अपडेटनंतर बिल अडलं? आधी हे तपासा, मग सपोर्टला फोन लावा

लक्षणं जवळजवळ ठरलेली असतात. काल संध्याकाळपर्यंत सुरळीत चाललेलं क्लाउडवरचं बिलिंग किंवा ईआरपी (स्टॉक, खरेदी, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) सकाळी पुढीलपैकी काहीतरी करायला लागतं:

- ‘सेव्ह’ दाबलं की गोल चक्र फिरत राहतं, बिल जतन झालं की नाही कळत नाही.
- नेहमीचं बटण जागेवर नसतं, किंवा असतं पण राखाडी पडलेलं असतं.
- एका टेबलावर चालतं, शेजारच्या टेबलावर चालत नाही.
- बिलाची छपाई खाली सरकते, क्यूआर कोड किंवा सहीची जागा कापली जाते.
- ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) पाठवताना लाल पट्टी येते आणि कर किंवा एचएसएन (वस्तूचा जीएसटीतला कोड) याबद्दल तक्रार दाखवते.
- रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवला की आकडे एक घर सरकलेले दिसतात.
- दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे आपोआप जाणारी माहिती जायची थांबते, आणि ते तीन-चार दिवसांनी लक्षात येतं.

मी कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल भागातल्या फाउंड्री आणि मशीन शॉपची सॉफ्टवेअर बघते. “ताई, गाडी भरून उभी हाय आणि बिल निघंना झालंय” हा फोन मला महिन्यातून तीन-चारदा येतो. कंपनी वेगळी, सॉफ्टवेअर वेगळं, दुखणं तेच. रात्री अपडेट आलेलं असतं. पूर्वी सीडीवरून सॉफ्टवेअर टाकायचो तेव्हा अपडेट कधी घ्यायचं ते आपण ठरवत होतो. क्लाउडमध्ये बहुतेक वेळा ते विक्रेता ठरवतो. म्हणून तपासायचा क्रम पाठ हवा. खाली सोपं आणि फुकटचं आधी आहे, अवघड आणि खर्चाचं शेवटी. क्रम मोडू नका.

हात लावण्याआधी

बिल अडकलं की नंबर बदलून दुसरं बिल करू नका. हे पहिलंच सांगते, कारण अपडेटने होतं त्याहून जास्त नुकसान या एका घाईने होताना मी पाहिलं आहे.

एका कारखान्यात शनिवारी संध्याकाळी डिस्पॅचच्या मुलाने बिल पाठवलं, चक्र फिरलं, पुन्हा दाबल्यावर चूक आली: २१५०, डुप्लिकेट आयआरएन (पोर्टल प्रत्येक बिलाला देतं तो नोंदणी क्रमांक). गाडी उभी होती, ड्रायव्हर घाई करत होता. त्याने बिलाच्या नंबरापुढे ‘ए’ लावला आणि तोच माल पुन्हा पाठवला. या वेळी लगेच झालं, गाडी गेली. मंगळवारी अकाउंटच्या मॅडमनी जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) उघडला तर एकाच मालाची दोन बिलं त्यात आपोआप उतरलेली. आयआरएन रद्द करायला २४ तास मिळतात, ते रविवारीच संपले होते. मग क्रेडिट नोट, ग्राहकाच्या खरेदी विभागाला खुलासा, सगळं सोपस्कार.

२१५० चा अर्थ उलटा आहे. तुमचं बिल पोर्टलवर आधीच नोंदलं गेलंय, फक्त त्याचं उत्तर सॉफ्टवेअरपर्यंत परत आलेलं नाही. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये ‘आयआरएन मिळवा’ किंवा ‘स्थिती तपासा’ अशा अर्थाचं बटण असतं, ते दाबायचं. नसेल तर ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर लॉगिन करून बिल नंबराने शोधायचं. चौसष्ट अक्षरांचा तो आयआरएन तिथे सापडतो.

दुसरं, स्क्रीनचा फोटो काढा आणि वेळ लिहून ठेवा. “मघाशी काहीतरी लाल आलं होतं” यावर कोणीच काही करू शकत नाही.

१. एकट्याचं की सगळ्यांचं?

शेजारच्या टेबलावर विचारा. मग मोबाइलवर, ऑफिसचं वायफाय बंद करून सिमच्या इंटरनेटवर तेच बिल उघडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढची सगळी दिशा यावर ठरते. सगळ्यांना त्रास असेल तर दोष विक्रेत्याकडे, पोर्टलकडे किंवा तुमच्या कंपनीच्या सेटिंगमध्ये आहे. एकट्यालाच असेल तर त्याच्या संगणकात किंवा त्याच्या लॉगिनमध्ये. मोबाइलवर चाललं आणि ऑफिसात सगळ्यांचं अडलं, तर इंटरनेटवाल्याला फोन करा, सॉफ्टवेअरवाल्याला नाही.

हे न करता मी सुरुवातीच्या वर्षांत थेट गाडी काढून कारखान्यात जायचे. आता फोनवर पहिला प्रश्न हाच विचारते.

२. खरंच अपडेटच आलंय का?

विक्रेत्याचा मेल शोधा. बऱ्याच ठिकाणी हे मेल मालकांच्या अशा पत्त्यावर जातात जो नोंदणीच्या वेळी दिला होता आणि नंतर कोणी उघडलाच नाही. सॉफ्टवेअरमध्ये घंटीच्या चिन्हाखाली किंवा ‘नवीन काय’ या पानावर तारीख दिसते. विक्रेत्याचं स्टेटस पान असेल तर तेही बघा.

ई-इन्व्हॉइस किंवा ई-वे बिलच (मालाच्या वाहतुकीचा ऑनलाइन कागद) अडलं असेल तर सरकारी पोर्टलवर थेट लॉगिन करून बघा. तिथेच संथ चालत असेल तर तुमच्याकडे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. लॉगिनवरच अडकत असेल तर ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो ते विचारा. ई-वे बिलच्या पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच दुहेरी पडताळणी लागते, आणि नोंदवलेला मोबाइल नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असतो असं मी बरेचदा पाहिलं आहे.

३. ब्राउझर

निम्म्याहून जास्त फोन माझे इथेच मिटतात. ब्राउझर वेग वाढवण्यासाठी पानाचे काही भाग तुमच्या संगणकात साठवून ठेवतो. रात्री सर्व्हरवर नवी आवृत्ती बसली, पण तुमच्याकडे पानाचा काही भाग जुनाच राहिला, तर दोघांचं जुळत नाही. ‘सेव्ह’ फिरत राहणं किंवा बटण दाबूनही काही न होणं याचं सगळ्यात सामान्य कारण हेच.

आधी कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा. नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट, एन दाबून इनकॉग्निटो खिडकी उघडा आणि तिथे लॉगिन करा. तिथे चाललं तर दोष साठलेल्या भागात किंवा एखाद्या एक्स्टेंशनमध्ये आहे. जाहिराती अडवणारी आणि कुपन शोधणारी एक्स्टेंशन आधी बंद करा. ऑफिसच्या संगणकावर त्यांची गरज नाही.

त्यानंतरच त्या एका साइटचा साठा पुसा. आणि इथे थांबा! दुकानाच्या काउंटरवर किंवा गोदामात इंटरनेट नसतानाही बिल करता येणारं सॉफ्टवेअर असेल, तर ती न पाठवलेली बिलं ब्राउझरच्या त्याच साठ्यात असतात. साइटचा डेटा पुसला की ती गेली, कुठूनही परत येत नाहीत. ‘सगळं पाठवलं गेलं’ अशी खूण दिसेपर्यंत पुसणं हा शब्दच काढू नका. सपोर्टवाल्याने फोनवर सांगितलं तरी आधी त्याला हा प्रश्न विचारा.

४. संगणकच जुना

स्टोअरच्या कोपऱ्यात ठेवलेला, धुळीने भरलेला, “चालतोय की” म्हणून ठेवलेला संगणक. क्रोमची १०९ ही आवृत्ती विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी शेवटची, फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून विंडोज १० लागतं. सॉफ्टवेअरवाले नवे ब्राउझर धरून अपडेट लिहितात, त्यामुळे या संगणकावर एके दिवशी अर्धं पान कोरं येतं. तो दिवस येणारच आहे. यावर सेटिंगचा उपाय नाही, संगणक बदला. तोवर स्टोअरच्या माणसाला मोबाइलवरून किंवा दुसऱ्या टेबलावरून काम करू द्या.

जाता जाता उजव्या कोपऱ्यातलं घड्याळही बघा. मदरबोर्डचा सेल गेलेला असला की तारीख मागे पडते आणि लॉगिनच होत नाही.

५. परवानग्या

बटण मालकांना दिसतं, डिस्पॅचला दिसत नाही, असं असेल तर बहुतेक कारण रोलमध्ये (कोणाला काय करता येईल ते ठरवणारी सेटिंग) आहे. अपडेटमध्ये एखादं काम दोन भागांत तोडलेलं असतं. उदाहरणार्थ, पूर्वी ‘बिल करणे’ या एकाच परवानगीत ई-वे बिल येत होतं, आता त्याची वेगळी खूण झाली, आणि ती सुरुवातीला फक्त अॅडमिनला दिलेली असते. सेटिंगमध्ये रोल उघडा, नव्या खुणा बघा, ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्या.

घाईत सगळ्यांना अॅडमिन करून टाकणं मी फार ठिकाणी बघते. गाडी निघते, पण पुढे कोणी दर बदलला आणि कोणी बिल रद्द केलं याचा पत्ता लागत नाही. करू नका.

६. छपाई

छपाई बिघडली की आधी प्रिंटरकडे जाऊ नका. बिलाची पीडीएफ उतरवा आणि स्क्रीनवर बघा. पीडीएफ बरोबर असेल तर दोष ब्राउझर किंवा प्रिंटरच्या सेटिंगमध्ये. पीडीएफच चुकीची असेल तर दोष टेम्प्लेटमध्ये, म्हणजे बिलाच्या साच्यात. एवढ्या एका चाचणीने अर्धा दिवस वाचतो.

मागच्या पावसाळ्यात एका मशीन शॉपमध्ये प्रत्येक बिलाची खालची पट्टी कापली जात होती. मालक प्रिंटर बदलायला निघाले होते. पीडीएफ ठीक होती. छपाईच्या खिडकीत ‘आणखी सेटिंग’ उघडलं तर कागद ए४ ऐवजी लेटर झालेला. ए४ कागद २९७ मिलिमीटर उंच, लेटर २७९. बरोबर त्या १८ मिलिमीटरमध्ये त्यांची सहीची ओळ होती. कागद ए४ केला, स्केल १०० वर आणलं, संपलं.

टेम्प्लेट चुकलं असेल तर ते थोडं किचकट. तुम्ही कधीतरी कोणाकडून तरी खास बनवून घेतलेलं टेम्प्लेट अपडेटमध्ये जुन्या रचनेवर राहतं. सॉफ्टवेअरचं मूळ टेम्प्लेट निवडून एक बिल छापून बघा. ते नीट आलं तर आज मूळ टेम्प्लेटवर काम चालवा आणि खास टेम्प्लेट बनवणाऱ्याला बोलवा. क्यूआर कोड मात्र पूर्ण आणि स्कॅन होईल असाच छापला पाहिजे, मोबाइलने एकदा स्कॅन करून खात्री करा.

७. मास्टर आणि कर

इथे बरेचदा अपडेट बरोबर असतं आणि आपला मास्टर (सॉफ्टवेअरमधली वस्तू आणि दरांची मूळ यादी) जुना. कायदा बदलतो म्हणून सॉफ्टवेअर बदलतं, आणि आपण वस्तूंच्या यादीला हात लावलेला नसतो.

अलीकडचा मोठा बदल २२ सप्टेंबर २०२५ चा. जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले, ५ आणि १८ हे मुख्य राहिले. आमच्याकडे वाहनांच्या सुट्या भागांचे २८ चे १८ झाले, ट्रॅक्टरच्या ठरावीक भागांचे १८ चे ५ झाले. एकाच भट्टीतून निघालेलं कास्टिंग कुठे जाणार त्यावर दर बदलू शकतो, त्यामुळे विक्रेत्याने आपोआप लावलेला दर डोळे मिटून मान्य करू नका. सीएंना वस्तूंची यादी दाखवा आणि त्यांच्याकडून लेखी घ्या.

जुन्या दरावर नवा दर खोडून लिहू नका. सॉफ्टवेअरमध्ये ‘या तारखेपासून’ असा रकाना असतो, तो वापरा. २२ सप्टेंबरच्या आधी विकलेला माल परत आला तर क्रेडिट नोट जुन्याच दराने निघते, आणि जुना दरच खोडलेला असेल तर ती चुकीची निघेल.

आणखी दोन तपासण्या. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर एचएसएन किमान सहा अंकी लागतो. पूर्वी चार अंकांवर चाललेला मास्टर नव्या तपासणीत अडतो. दुसरी गोष्ट बिलाच्या नंबराची. तो जास्तीत जास्त १६ अक्षरांचा चालतो, आणि १ जून २०२५ पासून ई-इन्व्हॉइस पोर्टल इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही. एका युनिटची मालिका मोठ्या ‘ए’ने आणि दुसऱ्याची छोट्या ‘ए’ने चालवणारा एक कारखाना माझ्याकडे होता. दोन्ही नंबर पोर्टलला एकच वाटू लागले. त्यांना अपडेट बिघडलंय असं वाटत होतं.

८. जोडण्या

हे सगळ्यात शेवटी, कारण यात हात घालायला माहितगार माणूस लागतो. बिलिंगमधून अकाउंटिंगला जाणाऱ्या नोंदी, बँकेची स्टेटमेंट, वजनकाट्याचं वजन, ग्राहकाच्या पोर्टलवर जाणारं एएसएन (माल पाठवल्याची आगाऊ सूचना), ही सगळी कामं जोडणीवर चालतात.

तुम्ही स्वतः एवढं बघू शकता: शेवटची नोंद कोणत्या तारखेला गेली? ती तारीख अपडेटशी जुळते का? जोडणी कोणाच्या लॉगिनवर बांधलेली आहे? ती जर एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावावर असेल आणि तो नोकरी सोडून गेल्यावर त्याचं लॉगिन बंद केलं असेल, तर अपडेटचा काही संबंधच नाही. जोडणीसाठी वेगळं लॉगिन ठेवा, माणसाच्या नावाचं नको.

एक्सेलमधून माहिती चढवत असाल तर नवा नमुना उतरवून जुन्याशी ताडून बघा. एखादा कॉलम मध्ये घुसलेला असतो. पाच ओळी चढवून बघा, मग पाचशे. अर्ध्यात अडकलेली फाइल पुन्हा संपूर्ण चढवू नका, गेलेल्या ओळी दोनदा जातात.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

खालीलपैकी काही दिसलं तर स्वतः प्रयत्न करणं सोडा:

- स्टॉकची शिल्लक किंवा ट्रायल बॅलन्सचा आकडा कालपेक्षा वेगळा आहे आणि मध्ये कोणी नोंद केलेली नाही.
- एकाच मालाची दोन बिलं पोर्टलवर गेली आहेत. २४ तास संपले नसतील तर सीएंना ताबडतोब फोन करा. त्या बिलावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, मगच आयआरएन रद्द होतो. रद्द केलेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही.
- स्क्रीनवर ‘रिस्टोअर’ किंवा ‘मागील स्थितीवर न्या’ असं विचारलं जातंय. त्याने आज दिवसभराच्या नोंदी जाऊ शकतात.
- जोडणीमध्ये एपीआय, टोकन, आवृत्ती असे शब्द चूक दाखवणाऱ्या संदेशात आहेत.

कर आणि बिलांच्या प्रश्नाला सीए, डेटा आणि जोडणीच्या प्रश्नाला विक्रेत्याचा सपोर्ट किंवा ज्याने जोडणी बांधली तो. सपोर्टचा नंबर सॉफ्टवेअरच्या आतूनच घ्या. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या नंबरावर बोलून स्क्रीन शेअर करणारे लोक फसलेले आहेत. ओटीपी आणि पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही.

तिकीट लिहिताना पाच गोष्टी द्या: कधीपासून, कोणत्या लॉगिनला, कोणता बिल नंबर, काय केल्यावर काय दिसलं, आणि वरच्यापैकी काय तपासून झालं. एवढं असलं की “कॅश (ब्राउझरचा साठा) पुसून बघा” हे उत्तर येण्यात एक दिवस जात नाही. सपोर्टवाला “आम्ही मागून दुरुस्त करतो” म्हणाला तर काय बदललं ते लेखी मागा. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे, आणि ऑडिटर त्याबद्दल विचारतात.

गाडी उभीच असेल तर तोवर काय? ज्यांना ई-इन्व्हॉइस लागू आहे, म्हणजे १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीचे व्यवसाय, त्यांचं आयआरएनशिवायचं करबिल वैध ठरत नाही. सरकारी पोर्टलवरून थेट आयआरएन आणि ई-वे बिल काढता येतं. त्या पोर्टलचं लॉगिन आधीच तयार ठेवा. गाडी उभी असताना पासवर्ड विसरलेला आठवत नाही. तसं काढलेलं बिल नंतर सॉफ्टवेअरमध्ये त्याच नंबराने, पुन्हा पोर्टलला न पाठवता नोंदवा.

पुढच्या वेळी फोन येऊ नये म्हणून

मोठ्या सॉफ्टवेअरचं वेळापत्रक ठरलेलं असतं. सेल्सफोर्सच्या वर्षात तीन आवृत्त्या येतात, मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्सच्या दोन मोठ्या लाटा, ओरॅकल फ्यूजनची अपडेट दर तिमाहीला. त्यांच्याकडे चाचणीसाठी वेगळी जागाही मिळते, तिथे आधी बघून घेता येतं. छोट्या बिलिंग सॉफ्टवेअरचं अपडेट मात्र कुठल्याही मंगळवारी येऊ शकतं.

म्हणून मी प्रत्येक ठिकाणी एक साधी वही ठेवायला सांगते. तारीख, काय बदललं, काय अडलं, कशाने सुटलं. विक्रेत्याचे मेल मालकांच्या आणि अकाउंट विभागाच्या, अशा दोन्ही पत्त्यांवर वळवा. अपडेटच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिली गाडी भरायच्या आधी, तीन कागद करून बघा: एक विक्री बिलाचा मसुदा, एक क्रेडिट नोटचा मसुदा, एक जॉबवर्कचं चलन. मसुदाच, पोर्टलला पाठवायचा नाही. दर, एचएसएन, नंबर, छपाई, एवढं डोळ्याखालून घाला. पंधरा मिनिटं लागतात.

ज्या बदलाची वेळ आपल्या हातात आहे, नवं टेम्प्लेट, नवे रोल, नवी जोडणी, तो महिन्याच्या ११ तारखेच्या जीएसटीआर-१ आणि २० तारखेच्या ३बी (कर भरायचं जीएसटी विवरणपत्र) च्या आसपास करू नका. मी स्वतः २१ ते २५ तारीख धरते. त्या दिवसांत अकाउंटच्या मॅडमना बसून बघायला वेळ असतो आणि काही चुकलं तर महिनाअखेरीच्या डिस्पॅचच्या आधी दुरुस्त करायला चार-पाच दिवस हातात राहतात.